साधं नव्हतं ते

प्रस्तावना

आजीला तिच्या शाळेच्या दिवसांतल्या कपड्यांबद्दल विचारलं की पहिलं उत्तर ठरलेलं : "आमच्या वेळंला असलं काय नव्हतं बाई. दोन परकर, दोन पोलकी. एक अंगावर, एक दोरीवर." या उत्तरावर न थांबता विचारत राहिल्यामुळे हे पुस्तक झालं. कोल्हापूर आणि आसपासच्या गावांतून 1945 ते 1960 या काळात हायस्कुलात गेलेल्या आज्या, थोडे आजोबा, त्यांच्या ट्रंकांतून निघालेले फोटो आणि त्या फोटोंच्या निमित्तानं निघालेल्या गोष्टी असं त्याचं स्वरूप आहे. माझी आजीही त्यात आहे. ठरलेलं उत्तर देऊन झालं, चहा झाला, की यांतली प्रत्येक जण परकराच्या घेराबद्दल, बाहीच्या फुग्याबद्दल, रिबिनीच्या रुंदीबद्दल असं बारकाईनं बोलू लागायची की माझं लिहिणं मागे पडायचं. "तसला काठ पुन्हा बघितला नाही," असं कुणी सत्तर वर्षांनंतर म्हणत असेल, तर त्या वेळी तिच्या लेखी काठाला केवढी किंमत असेल!

या मुली नटत होत्या, मनापासून नटत होत्या, आणि त्यांची नजर पक्की होती, हे मला या पुस्तकातून सांगायचं आहे. 'साधी राहणी' हा शिक्का आपण मागाहून मारला. त्या शिक्क्यात कौतुक आहे हे खरं, पण त्यानं एका अख्ख्या पिढीची आवडनिवड झाकून गेली. कापड कमी होतं म्हणजे आवड कमी होती असं धरून चालणं हा त्यांच्यावर अन्याय आहे.

कापड कमी होतं, हे मात्र नीट समजून घ्यायला हवं. दुसऱ्या महायुद्धात गिरण्यांचा मोठा माल लष्कराकडे वळला, भाव भडकले, काळा बाजार बोकाळला. 1943 मध्ये सरकारनं सूत आणि कापड यांच्यावर नियंत्रण आणलं. 1948 च्या सुरुवातीला ते उठवलं आणि भाव पुन्हा चढले तेव्हा त्याच वर्षी परत लावलं. पुढच्या वर्षी, 1 मार्च 1949 ला, कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं. या पुस्तकातल्या थोरल्या आज्या त्या वेळी हायस्कुलात होत्या. राज्य बदललं तो दिवस त्यांतल्या काहींना अंधूक आठवतो. रेशनच्या दुकानातून आलेलं जाडंभरडं पांढरं कापड मात्र सगळ्यांना आठवतं, कारण त्याची पोलकी अंगाला टोचायची.

नवं कापड वर्षातून एकदा, दिवाळीला. एरवी मुलीच्या कपड्याचा उगम आईच्या लुगड्यात. नऊवारी लुगडं सगळीकडून सारखं विरत नाही. बसण्याच्या जागी आणि काष्ट्यापाशी आधी विरतं, काठ आणि पदर धड राहतात. मग विरलेला भाग कापून काढायचा आणि उरलेले तुकडे जोडून लुगड्याला दंड घालायचा. दंड घातलेलं लुगडंही पुन्हा विरलं की त्याच्या धड भागातून लेकीचा परकर निघे. काठ आपसूक परकराच्या खालच्या घेराला येई. परकरही संपला की पोलक्याला अस्तर आणि सगळ्यात शेवटी वाकळ. हे चक्र घरोघरी होतं आणि बहुतेक जण त्याकडे काटकसर म्हणून पाहतात. मुलींच्या बाजूनं पाहिलं की वेगळंच दिसतं. आईच्या कुठल्या लुगड्याला आता दंड येणार, यावर त्यांचं बारीक लक्ष असे. गोमी काठाचं हिरवं इरकल आधी विरावं म्हणून माझी आजी आईला सणावाराव्यतिरिक्तही तेच नेसायचा आग्रह करायची. दोन वर्षं तिनं त्या लुगड्याची वाट पाहिली. शेवटी परकर झाला तो नववीत, आणि तो घालून काढलेला फोटो या पुस्तकात आहे.

त्या फोटोकडे जरा जवळून पाहा. परकराच्या खालच्या बाजूला, काठाच्या वर, एक नागमोडी फीत शिवलेली दिसेल. ती शोभेसाठी आहे असं मला वाटलं होतं, पण कारण वेगळं निघालं. परकर शिवताना तो वाढत्या अंगाचा शिवत, म्हणजे लांबीत जास्तीचं कापड धरून त्याच्या आडव्या टिपा घालत. मुलगी उंच झाली की एक टीप उसवायची. कापड खाली येई, पण टिपेच्या आत दडलेली पट्टी मूळ रंगाची असे आणि बाकीचा परकर उन्हानं, रिठ्यानं उतरलेला. शिवाय जिथे शिवण होती तिथे एक रेघ राहायची. उसवलेला परकर लांबून ओळखू येई. आजीच्या वर्गातल्या कुणीतरी त्या रेघेवरच फीत शिवून आणली. आठवड्याभरात आणखी दोघींनी शिवली. पुढच्या वर्षी, आजी सांगते, नव्या कोऱ्या परकरालाही मुली हट्टानं फीत लावून घेऊ लागल्या. शिंपी विचारायचा, इथं कशाला? मुली सांगायच्या, लावायची असते. मला या संग्रहातली ही सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते. एक फॅशन कशी जन्माला आली, कुणी सुरू केली, कशासाठी केली आणि कारण संपल्यावरही ती कशी टिकली, हे सगळं एका वर्गात, एका वर्षात घडलेलं इथे जसंच्या तसं मिळतं.

परकराच्या मानानं पोलक्यात मोकळीक जास्त होती, कारण त्याला कापड कमी लागे. खणाचं पोलकं म्हणजे ठेवणीतलं. हा खण येई गुळेदगुड्डहून, आताच्या कर्नाटकातून. पन्हा लहान, दोन्ही बाजूंना काठ, मध्ये बारीक विणीचं नक्षीकाम. काठ बाहीवर आणायचा की पाठीवर, यावर माय-लेकींचे तंटे होत. रोजचं पोलकं चिटाचं किंवा पॉपलीनचं. त्यात सगळी स्पर्धा बाहीच्या फुग्याची. फुगा जितका मोठा तितकं कापड जास्त आणि तितकी आई नाराज. एका आजींनी सांगितलेली युक्ती मी मुद्दाम सविस्तर दिली आहे : फुग्याच्या आत मांजरपाटाची कडक खळ दिलेली पट्टी शिवायची, म्हणजे थोड्या कापडात फुगा ताठ उभा राहतो. खळ भाताच्या पेजेची. पावसात भिजली की फुगा बसायचा, म्हणून जून-जुलैत त्या साध्या बाहीची पोलकी घालत. वर्गातल्या मुली त्याला 'पावसाळी पोलकं' म्हणायच्या.

केसांवर एक पूर्ण प्रकरण आहे आणि तेच सर्वांत लांब झालं. ते मी कापलं नाही. कपडे आईच्या, शिंप्याच्या, दुकानदाराच्या हातात होते. केस मात्र मुलीच्या स्वतःच्या, फार तर बहिणीच्या किंवा मैत्रिणीच्या हातात. शिकेकाईनं न्हायचं, खोबरेल लावायचं, इथपर्यंत घरोघरी सारखंच. पुढे वेण्या किती, पेड किती, भांग मधला की बाजूचा, वेण्या मोकळ्या सोडायच्या की दुमडून कानामागे रिबिनीनं बांधायच्या, यात एकेकीची ओळख होती. पाचपेडी वेणी स्वतःची स्वतःला घालणं अवघड. म्हणजे ती घालून आलेल्या मुलीला घरात कुणीतरी वेळ देणारं आहे, हे वर्गाला कळायचं. ज्यांना कुणी नव्हतं त्या शाळा भरण्याआधी येऊन एकमेकींच्या वेण्या घालत. शाळेच्या मागच्या पायऱ्यांवर अशी ओळ बसायची : पहिलीच्या मागे दुसरी, दुसरीच्या मागे तिसरी, प्रत्येकीचे हात पुढचीच्या केसांत. पहिलीचे हात रिकामे, म्हणून तिनं सगळ्यांचे आकडे आणि रिबिनी सांभाळायच्या.

रिबीन साटिनची. पांढरी किंवा काळी शाळेला, लाल घरच्या कार्याला. ती रोज धुवायची आणि विस्तवावरून काढलेल्या तांब्याभोवती ओलीच गुंडाळायची. तांब्या निवेपर्यंत रिबीन गुळगुळीत होई. परकर-पोलक्याला इस्त्री मिळो न मिळो, रिबिनीला मिळायची. फुलांचं म्हणाल तर शेवंती, अबोली, बकुळ, चाफा, आणि श्रावण-भाद्रपदात केवड्याचं एखादं पान. केवडा वहीतही ठेवत. एका आजींकडे अशी भूगोलाची वही अजून आहे. वास उरलेला नाही, पानाचा डाग आहे.

कुंकवातही भांडणं होती. मेणाचा ठिपका लावून त्यावर अंगठ्यानं दाबलेलं ठसठशीत कुंकू आयांना हवं असे. मुलींना काडीनं टेकवलेलं बारीक हवं असे. घरातून निघताना मोठं आणि शाळेच्या कोपऱ्यावर येईपर्यंत पदराच्या, नाहीतर पोलक्याच्या टोकानं पुसून बारीक केलेलं, असं अनेकींनी केलं आहे. संध्याकाळी परतताना पुन्हा मोठं करायला करंडा जवळ नसे, मग "घामानं गेलं" हे उत्तर तयार ठेवायचं. तोंडाला लावायला ज्यांच्या घरी ऐपत होती त्यांच्याकडे मुंबईत तयार होणारा अफगाण स्नो. लॅक्मेची स्थापना 1952 ची, पण ते नाव या मुलींपर्यंत फार उशिरा पोहोचलं. लक्स साबणाच्या जाहिरातीत 1941 साली लीला चिटणीस झळकल्या होत्या. आपली मराठी नटी साबणावर, याचं अप्रूप थोरल्या बहिणींकडून धाकट्यांपर्यंत आलं होतं.

आठवी-नववीत केव्हातरी परकर सुटून साडी यायची. हा बदल आता आपल्याला जेवढा वाटतो त्यापेक्षा खूप मोठा होता. आई नऊवारी लुगड्यात, लेक पाचवारी गोल पातळात. एकाच घरात, एकाच दोरीवर दोन्ही वाळत. गोल पातळाला सोवळ्या घरांतून त्याआधीच्या पिढीत कडाडून विरोध झाला होता. पन्नासच्या दशकात तो बराच मावळला, तरी आजेसासू-आजी यांच्या तोंडी टोमणे शिल्लक होतेच. मुलींना गोल पातळ हवं होतं ते दोन कारणांनी. एक, त्यात पदर खांद्यावर कसा घ्यायचा यात मोकळीक होती. पिन लावायची की सोडायचा, हातावर घ्यायचा की डाव्या बाजूनं पुढे आणायचा, याचे कितीतरी प्रकार या पुस्तकातल्या फोटोंत दिसतात. दुसरं कारण खर्चाचं : पाच वारांत भागायचं. पन्नासच्या दशकाच्या उत्तरार्धात नायलॉन आलं. धुतलं की झटकन वाळायचं, चुरगळायचं नाही. पण कोल्हापुरात ते गॅदरिंगपुरतं, आणि तेही कुणाची तरी मुंबईची मावशी असेल तर. एका नायलॉनच्या साडीत एका गॅदरिंगला तीन मुलींनी आळीपाळीनं नाचून घेतलं, अशी एक गोष्ट आत आहे.

शिवणं, काढणं, कातरणं यांबद्दल बोलताना एका कोल्हापूरकर बाईंचं नाव घेतलं पाहिजे. भानू राजोपाध्ये 1929 साली कोल्हापुरात जन्मल्या. वडील चित्रकार, बाबूराव पेंटरांच्या चित्रपटांशी संबंध असलेले. ते लवकर गेले. भानूताई मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकल्या, 'ईव्ह्ज वीकली'सारख्या मासिकांसाठी कपड्यांची चित्रं काढू लागल्या, आणि 1956 च्या 'सीआयडी'पासून चित्रपटांची वेशभूषा करू लागल्या. भानू अथय्या या नावानं त्यांना पुढे 'गांधी'साठी ऑस्कर मिळालं, भारताला मिळालेलं पहिलं. या पुस्तकातल्या थोरल्या आज्या त्यांच्याहून थोड्याच लहान, त्याच गल्ल्यांतून फिरलेल्या. भानूताईंची प्रतिभा त्यांची स्वतःची, तिच्याशी कुणाची बरोबरी लावायचा माझा हेतू नाही. पण काठ कुठे यावा, रंगाला रंग कसा लागतो, थोड्या कापडात ऐट कशी आणायची, याची चर्चा ज्या गावात घरोघरी चालते, त्या गावात अशी नजर तयार व्हावी यात मला आश्चर्य वाटत नाही. भानूताईंनी नायिकांना काय नेसवलं ते पडद्यावर राहिलं. या मुलींनी स्वतःला कसं सजवलं ते नोंदवायचं राहून गेलं.

पडद्यावरचं खाली येत होतंच. 1960 साली 'लव्ह इन शिमला' आला आणि कपाळावर कापलेले केस म्हणजे 'साधना कट' सगळीकडे झाला. या संग्रहातली सर्वांत धाकटी आजी त्या वर्षी अकरावीत होती. मॅट्रिक तेव्हा अकरावीला असे, दहावीची परीक्षा 1975 पासूनची. तिनं आरशासमोर शिवणाच्या कात्रीनं स्वतःच केस कापले. पुढचे कित्येक महिने घरात तिला पुढचे केस तेल लावून मागे चिकटवून बसावं लागलं. शाळेत गेल्यावर ते पुन्हा पुढे यायचे.

आजोबांचं प्रकरण छोटं आहे, पण कोल्हापूरचं म्हणून वेगळं. खाकी ड्रिलची अर्धी चड्डी, पांढरा सदरा आणि डोक्यावर टोपी हे सगळीकडचं. टोपी न घालता बाहेर पडणं ही पहिली बंडखोरी. त्यापुढे कोल्हापुरी पोरांना दोन वाटा होत्या. एक तालमीची : शाहू महाराजांनी खासबाग मैदान बांधलेलं हे गाव, तिथे बारीक कापलेले केस, सैल सदरा, दंडापर्यंत दुमडलेल्या बाह्या आणि झटापटीत मोडलेला कान हीच ऐट. मोडका कान लोकांना दिसावा म्हणून टोपी तिरकी घालत. दुसरी वाट देव आनंदची : कपाळावर केसांचा कोंबडा, मनिला शर्ट, लांब पँट. दोन्ही वाटांना जोडणारी गोष्ट पायात होती. तळाच्या थरांमध्ये बिया घालून करकर वाजणारी पायताणं बापाची असली तरी पोरं ती घालून एकदा तरी गल्लीतून फिरून येत. मुलींच्या आठवणीत ती करकर आहे. कोण येतंय ते न बघता कळायचं, असं एकीनं सांगितलं. कुणाची करकर, ते सांगितलं नाही.

हे सगळं लिहिताना एक गोष्ट विसरून चालणार नाही. 1951 च्या जनगणनेत देशातल्या शंभर बायकांत नऊ जणीही साक्षर नव्हत्या. कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी 1917 साली प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, त्यामुळे इथलं चित्र थोडं बरं. तरी हायस्कुलापर्यंत पोहोचलेली मुलगी म्हणजे मूठभरांतली एक. तिच्या वयाच्या कितीजणी त्या वेळी शेतात होत्या, दुसऱ्यांच्या घरी भांडी घासत होत्या, किंवा सासरी गेल्या होत्या. त्यांच्यापैकी काहींशी मी बोलले. त्यांचे फोटो नाहीत, कारण त्यांचा ग्रूप फोटो कुणी काढला नाही. पण त्यांनाही काठ आठवतात, बांगड्यांचे रंग आठवतात, जत्रेतून घेतलेली फणी आठवते. एका आजींनी शाळेत जाणाऱ्या मालकिणीच्या मुलीची उसवलेली रिबीन जपून ठेवली होती आणि स्वतःच्या लग्नात केसांत बांधली होती. या आठवणी मी वेगळ्या प्रकरणात न टाकता सगळ्यांमध्ये मिसळल्या आहेत. नटायची आवड शाळेच्या फाटकाशी अडत नव्हती.

आता फोटोंबद्दल. सगळे काळे-पांढरे. त्यात गडद लाल, गडद हिरवा आणि जांभळा जवळपास एकाच करड्या छटेत उतरतात, त्यामुळे आज्यांची अर्धी मेहनत फोटोत दिसतच नाही. पानं जुळवताना मी सुरुवातीला फोटोखाली नुसतं गाव आणि साल घातलं होतं. कच्ची पानं दाखवायला नेली तेव्हा बहुतेकींनी एकच मागणी केली : रंग लिहा. मग प्रत्येक फोटोखाली परकर, पोलकं, काठ, रिबीन यांचे रंग त्यांनी सांगितले तसे छापले आहेत. मोरपंखी, वांगी, लिंबोणी, पिस्ता, चिंतामणी, अबोली अशी ती नावं आहेत, आणि ती बदलून मी निळा-हिरवा केलेली नाहीत. पान उलटताना कृपा करून ती ओळ वाचा आणि मग फोटो पुन्हा पाहा.

ग्रूप फोटोंत एका मैत्रिणीचे रंग दुसरीनं सांगितले आहेत, आणि बहुतेक वेळा ते जुळले. दोन सख्ख्या बहिणींच्या एका फोटोत मात्र थोरलीचं पोलकं डाळिंबी होतं की जांभळं, यावर अजून एकमत नाही. थोरली म्हणते डाळिंबी. धाकटी म्हणते, पुढच्या वर्षी ते मलाच घालायला मिळालं, मला विचारा. दोन्ही रंग छापले आहेत.